अण्णांसाठी एकोणतीस इंच

लातूर,
१५ जानेवारी २००३, किंक्रांत

तीर्थरूप अण्णांस,

शिरसाष्टांग नमस्कार. (कंबर धरली आहे, त्यामुळं आठांपैकी पाच-सहा अंगंच जमिनीला टेकली असं समजून चालावं. ती का धरली ते पुढं येईलच.) आम्ही इकडं ठीक आहोत. म्हणजे लता ठीक आहे आणि मी, तिच्या मते, कंबरेचं नाटक करतो आहे. तुमचा खोकला कसा आहे? ताई ओव्याची पुरचुंडी शेकायला देते का? सकाळी फिरायला निघताना मफलर कानावरून घ्या, नुसता गळ्यात अडकवून हिंडू नका. नांदेडची थंडी लातूरपेक्षा लबाड असते. यज्ञेशचं औरंगाबादहून पत्र नाही, फोन येतो, आणि फोन आला की पुढच्या सत्राची फी आली असं आम्ही समजतो. चि. इराला अनेक आशीर्वाद. माझं अक्षर लागत नाही म्हणून माझी पत्रं तुम्ही नातीकडून वाचून घेता, असं ताईनं कळवलं. पंचेचाळिशी गाठलेल्या, पाटबंधारे खात्यात वरिष्ठ लिपिक असलेल्या माणसाला वडिलांनी अजून अक्षरावरून धरावं, याचं वाईट वाटत नाही. सवय आहे. (इरा, कंसातला मजकूर गाळलास तरी चालेल. कंसात मी स्वतःशी कुरकुर करतो.)

बातमी अशी की आपण टीव्ही घेतला. मोठा घेतला. एकोणतीस इंची. आणि आडवळणं न घेता लिहितो (तुमचा मुलगा असल्यामुळं हे मला जमणार नाही, पण प्रयत्न करतो): तुम्ही घरी यावं म्हणून घेतला. आपल्या गल्लीत पोरगं अकरावी सायन्सला गेलं की पेढे वाटायच्या आधी टीव्ही घराबाहेर काढतात, हे तुम्हाला मी काय सांगायचं. आपलाही यज्ञेश अकरावीला गेला त्या आठवड्यात गेला, लताच्या भावाकडे, अर्धापूरला. मग पोराला बारावीचं वर्ष लागलं, घरात सगळे चवड्यांवर चालायला लागले, आणि तुम्ही एक पिशवी घेऊन चार दिवस नांदेडला जाऊन येतो म्हणालात. त्यावर दोन दिवाळ्या झाल्या. भांडण नाही, रुसवा नाही. फोनवर विचारलं की तुम्ही म्हणता, इथं बरं आहे. त्यावर मी पुन्हा खोकल्याचं विचारतो आणि एसटीडीचं मीटर पळत असतं. आता यज्ञेशही गेला. संध्याकाळी ऑफिसातून आलो की मी आणि लता समोरासमोर बसून जेवतो, भाजीत मीठ ठीक आहे असं एकमेकांना सांगतो आणि मग आवराआवर होते. घर फार रिकामं लागतं, अण्णा. पुढच्या महिन्यात विश्वचषक आहे. तो तुम्ही इथं आपल्या घरात बसून बघावा, एवढ्यासाठी हा सगळा खटाटोप केला. ताईकडे एकवीस इंची आहे, तेव्हा त्याहून मोठा हवा हे ओघानं आलंच.

मोठा हवा हे मी ठरवलं आणि वीस हजारांच्या आत हवा हे लतानं ठरवलं. दोघांनी एकमेकांना न विचारता ठरवल्यामुळं दोघंही मागं हटायला तयार नव्हतो. त्यानंतरचे दोन महिने मी ऑफिस सुटलं की गंजगोलाईच्या बाजारात भटकत होतो. टीव्हीच्या दुकानात शिरताना माणूस ताठ असतो. बाहेर पडताना त्याला कळतं की गोल काचेचा वेगळा, सपाट काचेचा वेगळा, आणि सपाट दिसणारा पण सपाट नसलेला तिसराच. एका दुकानात मला चित्रात चित्र दाखवलं. म्हणजे कोपऱ्यात आणखी एक छोटा टीव्ही चालतो. आधीच एकावर काय बघावं कळत नाही, त्यात त्याच्या पोटात दुसरा. सगळ्या दुकानांत सगळ्या टीव्हींवर एकच मासा पोहत होता, निळ्या पाण्यात, फार सुंदर. मला माशाशी काही देणंघेणं नव्हतं. मला खालच्या पट्टीतला धावफलक तुम्हाला खाटेवरून वाचता येईल का, एवढंच बघायचं होतं. पण धावफलक लावा म्हटलं की दुकानदार म्हणत, आत्ता मॅच नाही, मासा बघा.

यावर मी एक उपाय काढला आणि तो मला अजूनही योग्य वाटतो. तुमचा जाड भिंगांचा चष्मा इथंच कोनाड्यात राहिला आहे. (तुम्ही तो एकदाही मागितला नाहीत, तेव्हा नांदेडला नवा केला असणार.) तो खिशात घालून मी दुकानात जायचो, खाटेपासून भिंत जेवढी लांब आहे तेवढा मागं सरायचो आणि चष्मा चढवून बघायचो. विचार असा, की या चष्म्यातून जे मला दिसेल ते तुम्हाला दिसेलच. बघतो तो काय, मासा नाही, पाणी नाही, नुसता निळा चिखल. एकवीस इंची चिखल, पंचवीस इंची चिखल. एकोणतीस इंचीवर मात्र चिखलात काहीतरी हललं. मी लगेच म्हणालो, हाच. मागं सरताना एका दुकानात मी कपडे धुण्याच्या मशीनवर बसलो आणि दुसऱ्या दुकानातून बाहेर पडताना काचेचं दार बंद आहे हे मला कपाळानं कळलं. तिथला शेठ तालेवार माणूस, गल्ल्यावरून उठला नाही. बसल्या बसल्या म्हणाला, "सायेब, टीव्ही घ्यायला आलाव का डोळे तपासायला?" घरी आल्यावर लतानं टेंगळावर हळद लावली आणि विचारलं की ज्याचे डोळे चांगले आहेत त्यानं अधू डोळ्यांचा चष्मा लावला तर दोघांपैकी कुणाचं दिसणं कळतं? मी म्हणालो, तो प्रश्न शास्त्राचा आहे. ती म्हणाली, शास्त्राचा नाही, अकलेचा आहे. या घरात माझ्या बाजूनं बोलणारं कुणी उरलेलं नाही, हेही तुम्ही यावं असं वाटण्याचं एक कारण आहे.

मग जुना द्या नवा घ्या ही योजना आली. जुना टीव्ही कसलाही असो, चालू असो की मेलेला, त्याचे पैसे वळते करून देणार. आपला जुना अर्धापूरला सुखरूप आहे हे आठवून मी रविवारी गाडी धरून गेलो. मेव्हण्यानं स्वागत चांगलं केलं. जेवण झालं, केळीच्या बागेतून हिंडवून आणलं, कुठल्या घडाला काय भाव आला ते सांगितलं. टीव्ही त्याच्या बैठकीत, डोक्यावर क्रोशाची झालर घालून, घरजावयासारखा बसला होता. मी विषय काढल्यावर सगळं घर टीव्हीभोवती गोळा झालं. त्याची मुलं रोज त्याच्यासमोर जेवतात, सासूबाईंची मालिका त्याच्यावर चालते, तो आता त्यांच्यातलाच एक आहे. मेव्हणा म्हणाला, धाकटा नववीला आहे. तो अकरावीला गेला की टीव्ही आम्हालाच घराबाहेर काढायचा आहे, तेव्हा हक्कानं तुमच्याकडे पाठवतो. बघा, म्हणजे मराठवाड्यातले टीव्ही असे पोरांच्या वर्गाप्रमाणं गावोगाव बदलीवर फिरत असतात. मी टीव्ही आणायला गेलो आणि केळीचा एक भलामोठा घड घेऊन परत आलो. तो ठेवायला पोतं नव्हतं म्हणून मांडीवर घेऊन बसलो. (परतीची ती शेवटची गाडी होती, नाहीतर घडासकट नांदेडला तुमच्याकडे उतरलो असतो.) कंडक्टरनं घडाचं अर्धं तिकीट मागितलं. द्यायचं की नाही यावर सगळी गाडी बोलली.

शेवटी ज्या शेठनं डोळ्यांची चौकशी केली होती त्याच्याकडेच सौदा ठरला. गोल काचेचा, जरा अनोळखी कंपनीचा, पण एकोणतीस इंची. त्याच्या आवाजाबद्दल शेठनं फार कौतुकानं सांगितलं. दोन बाजूंना दोन, मागं एक भोंगा, हजार वॅट. लावून दाखवला तेव्हा शेजारच्या भांड्यांच्या दुकानातली पातेली वाजली. मी कसनुसा हसलो, कारण हा आवाज आपल्याला कायम बंद ठेवायचा आहे हे त्याला सांगण्याचा धीर झाला नाही. (ते का, तेही पुढं आहे. पत्र लांबतं आहे याची मला कल्पना आहे.)

आणला हातगाड्यावरून. वजन तुमच्यामाझ्यापेक्षा जास्त नसेल, पण माणसाला निदान धरायला खांदे असतात. गाडेवाला आणि मी, दोघांनी उचलून आत घेतला, आणि उंबरठ्यावर कंबरेत कट्ट वाजलं. लताला वाटलं टीव्हीत वाजलं, म्हणून ती आधी टीव्हीकडे धावली. आता ठेवायचा कुठं? शेठनं कपाटासारखं उंच टेबल सुचवलं होतं. पण भूकंपानंतर तुम्ही घालून दिलेला नियम मी मोडलेला नाही, हे तुम्हाला मुद्दाम कळवतो. गुडघ्याच्या वर जड वस्तू नाही. या घरात अजून माळ्यावर नुसत्या गोधड्या आहेत, पितळेचा हंडा जमिनीवर आहे, आणि पाहुणे विचारतात की तुमच्याकडे सगळं खाली का मांडलेलं असतं, तेव्हा आम्ही चहा पुढं करतो. किल्लारीकडचा असला तर तो विचारतही नाही. तेव्हा टीव्ही गणपतीच्या चौरंगावर ठेवला. धूळ नको म्हणून लतानं तिच्या लग्नातला जांभळा शालू वरून घातला. आणि इथं घोटाळा झाला.

वरच्या खोलीत शिकवणीची तीन पोरं भाड्यानं आहेत, ही खोली काय म्हणून भाड्यानं जाते हे तुम्हाला माहीत आहे. फाटकावर आपली पाटी अजून आहे: शांत वातावरण, टीव्ही नाही. खोलीला वारा नाही, पाणी एक दिवसाआड, पण त्या दोन शब्दांवर पालक डोळे मिटून पैसे मोजतात, आणि त्या पैशांवर यज्ञेश शिकतो. त्यांपैकी एका पोराचे वडील शंकरप्पा, निलंग्याकडचे शेतकरी, दर रविवारी भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी घेऊन येतात. पोराला वर जाऊन बघतात, मग खाली आपल्या ओसरीवर टेकतात आणि घरात टीव्ही नाही ना, एवढं एकदा विचारून जातात. त्या रविवारी ते पाणी प्यायला आत आले. समोर चौरंग, त्यावर जांभळ्या शालूत काहीतरी भव्य. त्यांनी पायातल्या वहाणा मागं सारल्या, टोपी काढली आणि हात जोडले.

"लई मोठा देव हाय की," ते म्हणाले. "कुटला म्हनायचा?"

मी लताकडे बघितलं. लता खोटं बोलत नाही, हे तुम्हाला माहीत आहे. ती म्हणाली, "अजून प्रतिष्ठापना व्हायची आहे. अण्णा आले की."

पुढच्या रविवारी ते नारळ घेऊन आले. झाकलेला असला तरी देव तो देव, निदान मुखदर्शन घेऊ द्या म्हणाले. मी नाही म्हणायच्या आत त्यांनी शालूचा पदर जरा सारला आणि वाकून बघितलं. काळ्या काचेत त्यांचाच चेहरा. ते बराच वेळ तसेच वाकलेले होते. माझ्या डोळ्यांसमोरून तिन्ही पोरांच्या वळकट्या फाटकाबाहेर निघाल्या, त्यांच्यामागं यज्ञेशचं इंजिनिअरिंगही गेलं. शंकरप्पांनी पदर पुन्हा नीट लावला, मागं वळून वर जाणाऱ्या जिन्याकडे बघितलं आणि अगदी हळू आवाजात म्हणाले, "म्या कुनाला न्हाई सांगत. ऐतवारी किरकेटची म्याच असली की मला हितं बसू द्या. पोराला तेवढं कळू देऊ नगा."

तेव्हा व्यवस्था अशी ठरली आहे. आवाज पूर्ण बंद, खिडक्यांना चादरी, रविवारी शंकरप्पा. नारळ फोडला, खोबरं वाटलं. तुमची खाट खिडकीजवळून हलवून समोर आणली आहे, उशी उन्हात घातली आहे. केबलवाला पुढच्या आठवड्यात वायर टाकतो म्हणाला. ती त्यानं मागच्या अंगणातून, वरच्या पोरांच्या नजरेआड टाकावी म्हणून त्याला चहा पाजून ठेवला आहे. मी थकलोय, अण्णा. एक यंत्र घरात आणायला इतकं हिंडावं लागेल असं वाटलं नव्हतं. पण आता तो आला आहे आणि तुम्ही नाही, हे काही बरोबर दिसत नाही. पुढच्या शनिवारी मी सकाळच्या गाडीनं न्यायला येतो. पिशवी भरून ठेवा, एवढीच विनंती आहे. ताईला आणि भाऊजींना नमस्कार, इराला पुन्हा आशीर्वाद. लताचा वाकून नमस्कार, तिला वाकता येतं.

तुमचा आज्ञाधारक,
अंबरीश

ता.क. सोबत तिळगूळ आहे, लतानं मऊ केला आहे. शेठ म्हणतो, चित्र पटलं नाही तर महिन्याच्या आत बदलून देईन, पण ज्यांच्यासाठी घेतला त्यांनी समोर बसून सांगितलं पाहिजे. (दुसरी अट माझी आहे.) तेव्हा उशीर करू नये.

आणखी ता.क., हे वेगळ्या कागदावर.

चि. इरा,

हे पान अण्णांसमोर काढू नकोस. वरचं पत्र लिहून झालं आणि तिकिटं नव्हती म्हणून एक दिवस टेबलावर राहिलं, तेवढ्यात ऑफिसात तुझ्या आईचा फोन आला. मी टीव्हीचं सांगितलं, किती इंची ते सांगितलं, तर ती रडायलाच लागली. म्हणाली, मोठा कशाला घेतलास रे. दसऱ्यापासून अण्णांना दुसऱ्या डोळ्यानंही काही दिसत नाही म्हणे. उजेड आणि सावली, एवढंच. डॉक्टरांनी हात टेकले. अंबरीशला सांगायचं नाही, त्याच्यामागं व्याप कमी आहेत का, अशी तुम्हाला त्यांची शपथ आहे. ती मोडली म्हणून आईवर रागावू नकोस.

म्हणजे ज्या माणसाला दिसत नाही पण स्वच्छ ऐकू येतं, त्याच्यासाठी मी मोठ्यात मोठं चित्र आणि बंद आवाज अशी सोय करून ठेवली आहे. हे मी लताला सांगितलं तेव्हा ती हसली नाही. मला वाटलं होतं ती हसेल.

पण आईनं आणखी एक सांगितलं. तुमच्याकडे मॅच लागली की तू त्यांच्या शेजारी बसतेस आणि आपल्याशीच बडबडल्यासारखं बोलतेस. अरे हा पुढं येऊन मारायला गेला, चुकला, आता बघतोय बॅटकडे. आणि अण्णा म्हणतात, दिसलं, दिसलं मला. हे तू कधीपासून करतेस ते मी विचारणार नाही. मी काल लताला डोळे मिटून बसवलं, शालू काढला, शेठकडून यंत्रासकट उसनी आणलेली माशाची चकती लावली आणि तिला मासा सांगून बघितला. मासा डावीकडे गेला, मासा उजवीकडे गेला. ती म्हणाली, असं बातम्यांसारखं सांगितलंत तर अण्णांना पहिल्याच वाक्याला कळेल.

तेव्हा माझं खरं मागणं तुझ्याकडे आहे. त्यांना दिसत नाही हे मला ठाऊक आहे, हे त्यांना कळता कामा नये. तसं कसं बोलायचं, किती बोलायचं, कुठं गप्प बसायचं, ते मला सविस्तर लिहून पाठव. शनिवारच्या आत मिळालं पाहिजे, कारण गाडीत त्यांना खिडकीजवळची जागा लागते. वाटेत लोहा लागतं, तिथपासून खिडकीबाहेरचं सांगायला सुरुवात करावी म्हणतो.

मामा